रविवारच्या रोस्टचे बटाटे कुरकुरीत व्हायला
इंग्लंडमध्ये रविवारी दुपारी रोस्टचा (ओव्हनमध्ये भाजलेलं मांस, सोबत बटाटे) बेत असला की खरं सांगायचं तर चिकनपेक्षा सगळ्यांचा डोळा बटाट्यांवरच असतो. आमचे सुरुवातीला कायम गिळगिळीत व्हायचे, कारण कच्च्याच फोडी ट्रेमध्ये टाकायचो. आता मॅरिस पायपर (इथली पिठूळ बटाट्याची जात) बटाटे घेते, सोलून मोठ्या फोडी करायच्या, मिठाच्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळायच्या, मग पाणी निथळून दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची आणि झाकण लावून भांडं चांगलं हलवायचं, म्हणजे कडा पिठूळ होतात, नंतर तोच भाग कुरकुरीत होतो. ट्रेमधलं तेल मात्र ओव्हनमध्ये आधीच कडकडीत तापलेलं हवं, फोड टाकली की चर्र आवाज आला पाहिजे (जरा लांबूनच टाका, उडतं!). २०० डिग्रीला ४५-५० मिनिटं, मधे एकदा उलटायचं. आणि चिकन झालं की लगेच कापू नका, १५-२० मिनिटं तसंच झाकून ठेवा, नाहीतर सगळा रस कापायच्या पाटावर वाहून जातो, तेवढ्या वेळात बटाटे अजून लाल होतात नि चिकनच्या ट्रेमधल्या रसाची ग्रेव्हीपण होते. उरलेच तर सोमवारी जिरं-मिरचीच्या फोडणीत परतते.