आबांचा चहा : साखर, गूळ, गोळी की स्टीव्हिया, घरात कसं ठरवायचं

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आठवड्यातून चार-पाच जण तरी विचारतात, "ताई, ती साखरेऐवजीची गोळी नको, केमिकल असतंय. नैसर्गिक काहीतरी द्या." त्या प्रत्येकाला सांगायला जेवढा वेळ हवा, तेवढा गिऱ्हाइकांच्या गर्दीत मिळत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. जे लिहिते ते माझ्या वडिलांच्या चहावर करून बघितलेलं आहे.

आमचं गाव कागल तालुक्यात. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. आबांना शुगर निघाली तेव्हा त्यांनी त्याच दिवशी साखरेचा डबा बंद केला आणि गुळाचा चहा सुरू केला. मी अडवलं तर म्हणाले, "आगं, आपल्या काहिलीतला गूळ हाय ह्यो. पावडर न्हाई, काय न्हाई. ह्येला काय हुतंय?" काहिल म्हणजे रस आटवायची मोठी कढई, आणि पावडर म्हणजे गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकतात ती हायड्रॉस. ती आमच्याकडे खरंच टाकत नाहीत, रस भेंडीच्या चिकानं साफ करतात. गूळ चोख होता. पण तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी) ७.४ टक्के होती ती ८.६ वर गेली.

मग मी एक दिवस वहिनीचा केकचा वजनकाटा घेऊन चुलीशेजारी बसले. आबा कपात टाकत होते तो गुळाचा खडा निघाला १२ ग्रॅमचा. दिवसाला पाच कप, म्हणजे ६० ग्रॅम. आधी ते कपाला दोन सपाट चमचे साखर घेत, म्हणजे ८ ग्रॅम, दिवसाला ४०. गूळ साखरेइतका गोड लागत नाही, आणि तो चांगला आहे असं मनात बसलेलं, त्यामुळे हात सुटला. गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं, जे साखरेत असतं तेच. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास उष्मांक, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. लोह थोडं असतं, पण ते पुरेसं मिळावं इतका गूळ शुगरवाल्या माणसानं खायचा म्हटलं तर अवघड आहे. मध, काकवी, खांडसरी, नारळाची साखर, खजुराचा पाक, सगळ्यांचा हिशोब हाच. जागतिक आरोग्य संघटनाही मध आणि पाक साखरेच्याच खात्यात धरते.

म्हणून पहिलं काम मोजायचं. महिन्याच्या वाणसामानाची यादी काढा, साखर आणि गूळ किती किलो येतो ते बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला ३ किलो येत असेल, तर माणशी रोज २५ ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटना शक्य झाल्यास साधारण इतक्यावरच थांबा म्हणते, आणि यात बिस्किटं, सरबतं, बाहेरची मिठाई अजून धरलेलीच नाही. नुसतं डोळ्यांनी बघून अंदाज करू नका. डब्यात चमचा ठेवायचा तो एकच आणि तो सपाट भरायचा. शीग लावून भरला की दीडपट होतो.

दुसरं, कमी करायचं, तेही हळूहळू. गूळ सोडवून आबांना पुन्हा दोन चमचे साखरेवर आणलं, मग कपातून दर आठवड्याला पाव चमचा काढला. एकदम बंद केली असती तर त्यांनी शेजारी जाऊन प्यायला असता, हे आम्हाला पक्कं ठाऊक. सोबत कप बदलला, मोठ्या मगाऐवजी स्टीलची जुनी वाटी-कपबशी आली. आलं आणि गवती चहा वाढवला. दीड महिन्यात दोन चमच्यांचा अर्धा चमचा झाला आणि पाचाचे तीन कप झाले. बऱ्याच घरांत इथेच काम होतं, गोळी किंवा स्टीव्हिया (गोड पानांच्या झाडाचा अर्क) इथपर्यंत जायची गरजच पडत नाही. ज्यांचं इथे भागतं त्यांना मी दुकानातून काहीही विकत नाही.

आबांचं मात्र त्या अर्ध्या चमच्यावर अडलं. बिनसाखरेचा चहा त्यांच्या घशाखाली उतरेना. तेव्हा पाकिटं मांडून बसलो.

पाकीट घेताना पुढची बाजू बघू नका. हिरवं पान, नैसर्गिक, हर्बल हे सगळं पुढे असतं. उलटं करा आणि आकडा शोधा. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचा अर्क, ९६८ एरिथ्रिटॉल. हे पाच आकडे एका चिठ्ठीवर लिहून पैशाच्या पाकिटात ठेवा.

सॅकरीन सगळ्यात जुनं, १८७९ मधलं. जिभेवर मागून कडू लागतं, आबांनी पहिल्या घोटालाच कप खाली ठेवला. अ‍ॅस्पार्टेमची चव बरी, पण ते उकळत्या चहात टाकायचं नसतं, उष्णतेनं फुटतं आणि गोडी जाते. चहा खाली उतरवून, गाळून, मग गोळी. याच अ‍ॅस्पार्टेमवरून जुलै २०२३ मध्ये कॅन्सरच्या बातम्या आल्या आणि आमच्याकडे लोक गोळ्या परत घेऊन आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते 'कदाचित कारक असू शकेल' अशा गटात टाकलं, पुरावा तोकडा आहे हेही सांगितलं. त्याच वेळी संघटनेच्याच दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला ४० मिलीग्रॅम. आबांचं वजन ६० किलो, म्हणजे २४०० मिलीग्रॅम. एका गोळीत २० मिलीग्रॅम धरलं तर १२० गोळ्या होतात. ते घेतात तीन. हा हिशोब मी गिऱ्हाइकांना कागदावर मांडून दाखवते, नुसतं "काही होत नाही" म्हटलं तर विश्वास बसत नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम अजिबात घ्यायचं नाही.

सुक्रालोज साखरेपासूनच बनवतात, त्यात क्लोरीनचे अणू बसवून. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस नावाचे संशोधक त्यावर काम करत होते. वरिष्ठांनी 'टेस्ट' (test) कर, म्हणजे तपास, म्हटलं आणि त्यांनी 'टेस्ट' (taste) म्हणजे चाख असं ऐकून ते जिभेवर ठेवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. साखरेच्या ६०० पट गोड. चहाच्या उकळीला टिकतं. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं आपल्याच देशातल्या मधुमेहींना १२ आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी हे देऊन बघितलं, शुगरची सरासरी बिघडली नाही, वजन थोडं उतरलं. दुसऱ्या बाजूला २०२२ मध्ये इस्रायलच्या संशोधकांना निरोगी माणसांत सॅकरीन आणि सुक्रालोजमुळे साखर पचवण्यात फरक पडलेला दिसला, काहींत जास्त, काहींत नाहीच. दोन्ही निष्कर्ष मी खरे धरते, आणि म्हणूनच पुढचं सांगते : घरात ग्लुकोमीटर असेल तर स्वतःवर बघा. दोन दिवस तोच नाश्ता, तेवढाच. एक दिवस सोबत बिनसाखरेचा चहा, दुसऱ्या दिवशी गोळीचा. दोन तासांनी बोट टोचा. आठवडाभरानं पुन्हा एकदा तसंच करा, एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

आता स्टीव्हिया, ज्यासाठी सगळे येतात. झाड पॅराग्वेकडचं, तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या पानं वापरत आलेत. आपल्याकडे २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती शुद्ध केलेल्या अर्काला. चव थोडी ज्येष्ठमधासारखी, मागे रेंगाळते. वस्तू चांगली आहे, पण पुडीतली पांढरी पावडर निव्वळ स्टीव्हिया नसते. अर्क इतका गोड असतो की चिमटीत धरता येणार नाही, मग चमचाभर व्हावी म्हणून त्यात एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घालतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज! नैसर्गिक म्हणून महागाची पुडी घेतली आणि आत तेच. एरिथ्रिटॉलबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं अभ्यास छापला. रक्तात ते जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले. कारण तेच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, शरीर स्वतःही ते थोडं बनवतं. पण आबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, म्हणून मी त्यांच्यासाठी एरिथ्रिटॉलची पुडी नाकारली आणि स्टीव्हियाच्या थेंबांची बाटली घेतली. तुमच्या घरात हृदयाचा पेशंट असेल तर तसंच करा.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन कमी करायला हे गोडवे वापरू नका. त्या यादीत स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणून बारीक होण्यासाठी गोळ्या न्यायला आलेल्या मुलींना मी परत पाठवते, आणि लहान मुलांच्या दुधात घालायला मागणाऱ्या आयांनाही.

स्वयंपाकाचं थोडक्यात. खिरीत, दह्यात सुक्रालोज चालतं. पुरणपोळीच्या वाटेला जाऊ नका. पुरण आळतं, त्याला मऊपणा येतो तो गुळानं. गोळीनं गोड होईल, पुरण होणार नाही. होळीला आबांना आम्ही खऱ्या गुळाची अर्धी पोळी वाढतो आणि भात काढून टाकतो. 'शुगर फ्री' मिठाईत खवा, मैदा, तूप तसंच असतं, ती आबांच्या ताटात येत नाही.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात आमची चूक झाली होती. गुऱ्हाळाचे दिवस, आबांनी इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं. काहिलीशेजारी उभे असताना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. वहिनीनं घाबरून चहा दिला, त्यात सवयीनं दोन गोळ्या. शुगरवाल्याला साखर कशी द्यायची, असं तिला वाटलं. दहा मिनिटं गेली, फरक नाही. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, बघितलं आणि तांब्यातल्या पाण्यात काकवी कालवून त्यांच्या तोंडाला लावली. पाव तासात ते ओळखायला लागले.

मीटरवर शुगर ७० च्या खाली गेली की गोडाची गोळी, स्टीव्हिया काही कामाचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, मग जेवायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असेल त्या घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं, शाळकरी पोरांनासुद्धा. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या शुगरच्या औषधी गोळ्या चालू असतील तर साखर आणि गूळही लवकर लागू पडत नाहीत, कारण त्या गोळ्या त्यांचं पचनच लांबवतात. तिथे ग्लुकोजच लागतं. आबांना गेल्या वर्षी व्होग्लिबोज सुरू झाली, तेव्हा त्यांच्या बंडीच्या खिशातला गुळाचा खडा काढून मी ग्लुकोज पावडरची पुडी ठेवली. पावसाळ्यात ती ओली होते, म्हणून दर सोमवारी बदलते.