विंडोज टाकताना डिस्क दिसत नाही? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित अद्यतने थांबल्यापासून घरच्या घरी विंडोज ११ टाकायला बसलेली आणि मध्येच अडकलेली मंडळी सदाशिव पेठेतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात सतत येत असतात. बहुतेकांची तक्रार एकच असते. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर व्यवस्थित सुरू होतो, परंतु विंडोज कोणत्या डिस्कवर टाकायचे हे विचारणारी यादी कोरी दिसते. त्यानंतर ही मंडळी जे उपाय करून येतात, त्यांतल्या निम्म्या उपायांमुळे साधा प्रश्न अवघड होऊन बसलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) न उघडताच डिस्क मेली असे ठरवणे. मदरबोर्डला डिस्क न दिसणे आणि इन्स्टॉलरला डिस्क न दिसणे हे दोन निराळे बिघाड आहेत आणि त्यांचे उपायही निराळे आहेत. संगणक सुरू होताना एफ२, डिलीट किंवा कंपनीने ठरवलेली जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये जावे आणि स्टोरेजच्या पानावर डिस्कचे नाव व क्षमता दिसते का, ते पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क जोडलेली आहे आणि प्रतिसाद देते आहे, म्हणून शोध ड्रायव्हरच्या, म्हणजे इन्स्टॉलरला डिस्क ओळखता यावी यासाठी लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या दिशेने न्यावा. नाव दिसत नसेल तर वायर, स्लॉट किंवा खुद्द डिस्क तपासावी. एवढे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत, तरीही लोक आधी पान्हा हातात घेतात.

कर्वेनगरला खोली घेऊन राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण मी हल्ली प्रत्येकाला सांगतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर होता. इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसेना, तेव्हा मित्राने एसएसडी गेल्याचा निर्वाळा दिला आणि दोघांनी तापकीर गल्लीतून नवी एसएसडी आणून बसवली. तीही दिसेना. मग मित्राने बोर्ड गेल्याचे जाहीर केले आणि प्रोजेक्ट सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलगा रडवेला होऊन आला, “काका, नवा बोर्ड कितीला पडेल?” मी जुनी एसएसडी परत बसवून बायोस उघडले, तर तिचे नाव आणि क्षमता दोन्ही समोर होती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था कारखान्यातूनच चालू करून येते. तीत एनव्हीएमई (वेगवान जोडणीची एसएसडी) डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसेल तर यादी कोरी राहते. नव्या एसएसडीचे कारण मात्र अगदी वेगळे होते. ती एम.२ या चपट्या पट्टीच्या आकाराची असली तरी साटा या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची होती आणि त्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त एनव्हीएमई चालवणारा होता, त्यामुळे ती बायोसमध्येही दिसणे शक्य नव्हते. दोन वेगळ्या कारणांनी एकच लक्षण दिसले आणि त्यावरून चांगल्या बोर्डावर ठपका आला.

अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले नेमके मॉडेल शोधावे, इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा, तो उलगडून त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि इन्स्टॉलरमधील ‘लोड ड्रायव्हर’वर जाऊन ते फोल्डर दाखवावे. उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून काहीही होत नाही, कारण इन्स्टॉलरला आतली आयएनएफ फाइल लागते. इथेच बहुतेक जण हात टेकतात.

बायोसमधून व्हीएमडी बंद करणे हा सोपा मार्ग जागोजागी सुचवलेला आढळतो. सगळी डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकायचे असेल तर तो चालतोही. परंतु डिस्कवर जुने विंडोज आणि कामाच्या फाइली असतील तर ही कळ फिरवताच जुने विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते किंवा बिटलॉकरची (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मी बायोसला हात लावत नाही आणि घाई करणाऱ्याला तेवढा वेळ थांबवून ठेवतो.

एम.२ एसएसडी विकत घेताना खाचांवरून अंदाज बांधू नये. लेबलवर एनव्हीएमई लिहिले आहे की साटा, ते वाचावे आणि स्लॉट काय चालवतो हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे. डेस्कटॉपच्या काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, तेही त्याच पुस्तिकेत दिलेले असते.

दुसरी चूक मला खरोखर अस्वस्थ करते. डिस्क यादीत दिसते, पण ती एमबीआर (डिस्कचे विभाग नोंदवण्याची जुनी पद्धत) पद्धतीची असल्याने विंडोज टाकता येणार नाही असा संदेश येतो. मग कुठेतरी वाचून लोक शिफ्ट आणि एफ१० दाबतात, डिस्कपार्ट (आज्ञा लिहून डिस्कचे विभाग बदलण्याचे साधन) उघडतात आणि ‘सिलेक्ट डिस्क ०’ व ‘क्लीन’ या आज्ञा जशाच्या तशा उतरवतात. क्लीन पुन्हा न विचारता डिस्कच्या विभागांची नोंद पुसून टाकते. शून्य क्रमांकाची डिस्क आपल्याला हवी तीच असेल याचीही खात्री नसते. अनेक घरांत ती मुलांचे लहानपणापासूनचे फोटो असलेली जुनी हार्ड डिस्क निघते. तसे झालेच असेल तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता ती लगेच काढून ठेवावी, कारण क्लीनने विभागांची नोंद गेली तरी मजकूर बराचसा परत मिळू शकतो. माझा शिरस्ता असा, की जिच्यावर विंडोज टाकायचे ती डिस्क सोडून बाकी सगळ्यांच्या वायरी वीज बंद करून काढायच्या. त्यामुळे बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा भाग) दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसण्याचा धोकाही टळतो. नाहीतर पुढे जुनी डिस्क काढली की नवे विंडोज सुरूच होत नाही.

मीडिया ड्रायव्हर हवा असा संदेश अगदी सुरुवातीलाच आला तर ड्रायव्हर शोधत बसू नये. आधी पेनड्राइव्ह नव्याने बनवावा आणि दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून पाहावा. विंडोज ७ च्या मूळ प्रतीत एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे तिथे डिस्क न दिसणे अपेक्षितच आहे. साटा डिस्कच्या बाबतीत डेटा आणि वीज अशा दोन्ही वायरी बदलून पाहाव्यात, कारण सैल झालेली वायर बाहेरून चांगलीच दिसते. एम.२ चा स्क्रू न लावता मशीन चालू करू नये.

वायर, पोर्ट आणि मशीन बदलूनही बायोसमध्ये नाव येत नसेल, किंवा हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक ऐकू येत असेल, तर वीज तोडावी आणि ती पुन्हा चालू करून पाहू नये. आतला मजकूर हवा असेल तर अशी डिस्क आहे त्या स्थितीत डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी आणि विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकावे.