मॅटप्लॉटलिबवर हलता आलेख काढताना

आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला सेन्सर जोडला, पायसिरियल या पायथन लायब्ररीने संगणकावर आकडे वाचले, आता ते मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या पायथन लायब्ररीत सरकत्या रेषेत दिसायला हवेत. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं बहुतेक एकच लूप लिहितात: आकडा वाचा, अक्ष पुसा, सगळा आलेख पुन्हा काढा. सुरुवातीला झकास चालतं. मग यादी फुगत जाते, आणि अक्ष, खुणा, लेबलं दर खेपेला नव्याने काढताना प्रोग्रॅम रांगायला लागतो.

रेषा एकदाच काढा, ती व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, पुढे फक्त 'सेट_डेटा'ने तिचे आकडे बदला. आकड्यांसाठी ठरावीक लांबीचा 'डेक' (दोन्ही टोकांनी उघडी पायथन यादी) वापरा, जुने आपोआप गळतात. उभ्या अक्षाची मर्यादा मी स्वतः ठरवतो. आर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर वाचन दहा बिटांचं, म्हणजे ० ते १०२३. मर्यादा आपोआप ठरवणाऱ्या ऑटोस्केलवर सोडलं तर किरकोळ नॉइजसुद्धा सह्याद्रीसारखा दिसतो.

वेळेचं काम मॅटप्लॉटलिबच्या 'फंकॲनिमेशन'कडे द्या, ते ठरावीक वेळाने चित्र बदलतं. तो ऑब्जेक्टही व्हेरिएबलमध्ये ठेवायचाच. नाहीतर पायथन त्याला कचरा समजून काढून टाकतं आणि रेषा जागची हलत नाही. 'ब्लिट' (फक्त बदललेला भाग पुन्हा काढणं) चालू केलं की वेग वाढतो, पण अक्षांवरचे आकडे जुनेच राहतात.

खरी गोम वेगळीच आहे. सेन्सरवर बोट ठेवलं आणि रेषा दहा सेकंदांनी उचलली, तर मुलं लायब्ररीला शिव्या घालतात. हिशोब करा. ९६०० बॉड या सिरियल वेगाला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं येतात. एका ओळीला सहा धरली तर १६० वाचनं. फंकॲनिमेशनचा मुळातला इंटरव्हल (दोन फ्रेममधला वेळ) २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पाचच फ्रेम. फ्रेममागे एकच ओळ वाचलीत तर उरलेल्या ओळी बफरमध्ये, म्हणजे आलेल्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात, तुंबतात आणि तुम्ही शिळा डेटा बघत बसता. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात, टाका. त्याने फक्त डेक भरायचा. चित्र मात्र मुख्य थ्रेडनेच काढायचं. डोळ्यांना सेकंदाला दहा-पंधरा फ्रेम पुरतात. त्याहून जास्त लागल्या तर सरळ पायक्यूटीग्राफ ही वेगवान आलेखांची लायब्ररी घ्या. मॅटप्लॉटलिबचा पिंड छापायच्या आकृत्यांचा आहे, त्याला फार ताणू नये.

ज्युपिटर नोटबुकच्या इनलाइन मोडमध्ये (आलेख नोटबुकमध्येच दिसतो तेव्हा) चित्र स्थिरच दिसतं, तेव्हा फाइल टर्मिनलवरून चालवा. आणि पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, पहिली ओळ अर्धवट येऊ शकते. ती वाचून टाकून द्या.