चांगल्या भाडेकरूचं भाडं कसं ठरवावं

करार संपायला दोन महिने राहिले की एजंटचा फोन येतो. "मॅडम, आता दहा टक्के जास्त सहज मिळतंय. कळवून टाकू का?" मी 16 वर्षं दोन घरं भाड्याने देते आहे. या फोनला एकदा 'हो' म्हटलं आणि चांगलं कुटुंब गमावलं. तेव्हापासून भाड्याचा आकडा मी स्वतः ठरवते आणि स्वतःच सांगते.

सगळ्यात आधी करार काढून वाचा. भाडेवाढीबद्दल काय लिहिलंय, किती दिवस आधी कळवायचं आहे, तुमच्या भागात वाढीवर कायद्याची मर्यादा आहे का, हे बघून घ्या.

मग भाडेकरू खरंच चांगला आहे का ते ठरवा. वेळेवर भाडं देतो, शेजाऱ्यांची तक्रार नाही, घर नीट ठेवतो, हे तर हवंच. मी आणखी एक गोष्ट बघते. काही बिघडलं की तो लगेच कळवतो का? बाथरूमच्या भिंतीला ओल आली हे पहिल्याच आठवड्यात सांगणारा माणूस तुमचं घर वाचवत असतो. त्याला कटकट्या म्हणू नका. वर्षभर एकही फोन न करणारा भाडेकरू सोयीचा वाटतो, पण ती ओल तुम्हाला कळते तोवर प्लास्टर सुटलेलं असतं.

आता बाजारभाव. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव, ठरलेला नव्हे. सहा आठवडे तीच जाहिरात दिसत असेल तर त्या भावाला ते घर जात नाहीये, एवढंच त्यातून कळतं. आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत नुकतं कोण राहायला आलं, किती भाड्याने आलं, ते विचारा. एजंटला "किती मिळेल?" असं विचारू नका. "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही अशी कोणती घरं दिलीत, आणि शेवटी कितीला ठरलं?" असं विचारा. दोन एजंटांना विचारलं तर आणखी बरं.

इथपर्यंत सोपं आहे. चूक होते ती यापुढे, कारण बाजारभाव हाती आला की तोच आपल्या भाडेकरूचा भाव असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं होतं. चार वर्षं राहिलेल्या त्या कुटुंबाला एजंटने माझ्या वतीने पत्र पाठवलं, बारा टक्के वाढ आणि पंधरा दिवसांत होकार. त्यांनी वाद घातला नाही. महिन्याची नोटीस दिली, घर धुऊनपुसून किल्ल्या हातात ठेवल्या आणि गेले. मी रिकामं घर बघायला गेले तेव्हा सिंकखालचं कपाट उघडलं. पाइपच्या जोडाला कापड गुंडाळून वर सुतळीने घट्ट बांधलेलं होतं, खाली एक डबा ठेवलेला होता आणि मागचा प्लाय फुगून पापुद्रे सुटले होते. गळतीचं त्यांनी एजंटला दोनदा सांगितलं होतं. माझ्यापर्यंत ते आलंच नव्हतं. त्या गळक्या पाइपसकट मी त्यांच्याकडे जास्त भाडं मागितलं होतं. घर अडीच महिने रिकामं राहिलं.

त्यानंतर मी जो हिशेब कागदावर मांडते तो असा. चालू भाडं महिना 100 धरा आणि बाजारभाव 110. भाडेकरू गेला, घर फक्त एक महिना रिकामं राहिलं, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, आणि रंग-दुरुस्तीला अर्ध्या महिन्याचं भाडं लागलं असं समजा. हे कमीत कमी धरलंय. जुन्या भाडेकरूकडून एक पैसाही न वाढवता दोन वर्षांत 2400 येतात. नव्याकडून 23 महिन्यांचे 2530 येतात आणि त्यातून 165 खर्च वजा होऊन 2365 उरतात. म्हणजे दहा टक्के जास्त भाडं घेऊनही दोन वर्षांनी तुम्ही मागेच आहात. जुन्याच्या पुढे जायला 28वा महिना उजाडतो. जुन्याला चार टक्केच वाढवून 104 केलं असतं, तर नव्याला त्याच्या पुढे जायला 46 महिने लागले असते. तोवर तो नवा राहील का, वेळेवर भाडं देईल का, हे सगळं वेगळंच.

एजंट यात लबाडी करतो असं मी म्हणत नाही. नवा माणूस शोधणं, त्याची कागदपत्रं तपासणं, नोंदणी करणं ही कामं तो माझ्यापेक्षा चांगली करतो. पण त्याची कमाई नवा करार झाल्यावर होते. रिकाम्या घराचा महिना त्याच्या खिशातून जात नाही. म्हणून राहत्या भाडेकरूशी भाड्याबद्दल त्याने बोलायचं नाही, आणि दुरुस्तीचा निरोप त्याच दिवशी मला द्यायचा, हे मी लेखी देऊन ठेवलंय.

आता आकडा. माझी वाढ तीन ते पाच टक्क्यांच्या आत असते आणि बाजारभावाच्या थोडी खालीच थांबते. मात्र शून्यही ठेवत नाही. भिडेपोटी पाच वर्षं काही न वाढवता सहाव्या वर्षी एकदम वीस-बावीस टक्के मागणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यात चांगली माणसं घराबाहेर पडलेलीही पाहिलीत. दरवर्षी चार टक्के वाढवले तर पाच वर्षांत तेवढीच, साडेएकवीस टक्क्यांहून थोडी जास्त वाढ होते. फरक इतकाच की समोरच्याला दरवर्षी आपलं घरखर्चाचं गणित बसवायला वेळ मिळतो. बाजारभाव खाली आला असेल तर वाढ मागूच नका. तोही जाहिराती वाचतो.

वाढ सांगण्याआधी घर बघून या. सांगून, वेळ ठरवून जा. सिंकखाली बघा, खिडक्या लावून बघा, काय राहिलंय ते विचारा. जे निघेल ते आधी दुरुस्त करा. मग करार संपायच्या दोन महिने आधी स्वतः बोला. मी साधारण असं सांगते: "तुम्ही राहावं अशी माझी इच्छा आहे. मेंटेनन्स आणि कर एवढे वाढलेत. आजूबाजूला इतकं भाडं चाललंय. मी तुमच्यासाठी एवढं ठरवलंय. दोन आठवडे विचार करा, घाई नाही." घासाघीस करायची म्हणून आधी फुगवलेला आकडा सांगू नका. चांगला भाडेकरू पुष्कळदा घासाघीस करतच नाही, गुपचूप दुसरं घर बघायला लागतो. त्याने कमी करायला सांगितलं तर कारण ऐका. पगार अडकला असेल तर वाढ सहा महिन्यांनी लागू करा. नुसतंच कमी करा म्हणत असेल तर हिशेब दाखवा आणि आकड्यावर ठाम राहा.

ठरलं की त्याच दिवशी नवा आकडा आणि लागू होण्याची तारीख लिहून एकमेकांना पाठवा. डिपॉझिट वाढवू नका. नूतनीकरणाच्या कागदपत्रांसाठी एजंटला ठरावीक रक्कम द्या, टक्केवारी नको, आणि ती भाडेकरूच्या माथी मारू नका.