बर्नर पेटत नाही? रीसेट दाबण्याआधी तो कुठे थांबतो ते पाहा

लाँड्री, डेअरी, फरसाणचा कारखाना, हॉस्पिटलचं स्वयंपाकघर, कापडाचं प्रोसेस हाउस, अशा बऱ्याच ठिकाणी अजूनही डिझेलवर चालणारा छोटा बॉयलर वाफ देतो. त्यात तेल जाळणारा बर्नर सकाळी पेटला नाही की सगळं काम खोळंबतं आणि हात आपसूक लाल दिव्याच्या रीसेट बटणाकडे जातो. दाबलं, नाही पेटला. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

हे करू नका. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नात नोझलमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोंडातून, थोडं तेल भट्टीत फवारलं जातं. भट्टी गरम असेल तर त्याची वाफ होते, ती आत कोंडते आणि पुढच्या ठिणगीला सगळं एकदम भडकतं. बॉयलरचा पुढचा दरवाजा उडायला तेवढं पुरतं, आणि समोर त्या वेळी माणूस उभा असतो. म्हणून रीसेट एकदाच दाबायचं, तेही नीट पाहण्यासाठी. दुसऱ्यांदा लॉकआउट झाला (म्हणजे बर्नर आपोआप बंद होऊन लाल दिवा लागला) तर मेन स्विच बंद करून कारण शोधायचं. भट्टीत तेल साचलेलं दिसलं तर ते पुसून काढून हवा खेळती होईपर्यंत बर्नर पेटवायचा नाही.

इथे लिहिलंय ते डिझेल किंवा एलडीओवर (लाइट डिझेल ऑइल) चालणाऱ्या साध्या प्रेशर-जेट, म्हणजे दाबाने तेल फवारणाऱ्या बर्नरबद्दल, ज्यात एकाच मोटरवर पंखा आणि तेलाचा पंप दोन्ही फिरतात.

आधी क्रम पाठ करा

प्रेशर स्विच वाफ मागतो. पाण्याची पातळी आणि बाकीच्या सुरक्षा स्विचांकडून होकार मिळाला की मोटर सुरू होते. पंखा काही सेकंद भट्टीतली जुनी हवा बाहेर ढकलतो. ठिणगी सुरू होते. मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा तेलाचा व्हॉल्व्ह) ‘टक्’ आवाज करून उघडतो, तेल फवारलं जातं आणि ज्योत पेटते. फोटोसेलला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरला, ज्योत दिसली तर बर्नर चालू राहतो. ठरलेल्या मोजक्या सेकंदांत दिसली नाही तर कंट्रोलर तेल बंद करून लॉकआउट करतो.

मोबाइलवर सेकंद मोजत बाजूला उभे राहा, दरवाज्यासमोर नको. बर्नर कोणत्या पायरीवर थांबला हे कळलं की निम्मा शोध संपला.

मोटरच फिरत नाही

लाल दिवा नाही आणि काहीच हालचाल नाही, तर बहुतेक वेळा बर्नर ठीक असतो. त्याला हुकूमच मिळालेला नसतो. एमसीबी, ओव्हरलोड रिले, प्रेशर स्विच आणि पाण्याच्या पातळीचा कंट्रोल पाहा. गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी दिसत नसेल तर तापलेल्या बॉयलरमध्ये घाईने पाणी सोडू नका. बर्नर बंद ठेवून बॉयलर थंड होऊ द्या आणि जाणकाराला बोलवा. पातळीचा कंट्रोल वायर जोडून ‘बायपास’ करणं तर कोणत्याही ऑर्डरसाठी, कोणाच्याही सांगण्यावरून करायचं नाही.

मोटर फिरते, तेल येत नाही

माझ्या मते सर्वाधिक वेळ इथे वाया जातो, कारण लोक थेट पंप खोलतात. आधी टाकीत तेल किती आहे, कॉक उघडा आहे का, फिल्टर भरलाय का हे बघा. पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. ड्रेनमधून काचेच्या बाटलीत थोडं तेल काढा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल.

मग प्रेशर गेज. हलक्या तेलाच्या बर्नरला साधारण १० ते १४ बार दाब लागतो. नेमका आकडा बर्नरच्या पुस्तिकेतून घ्या. काटा थरथरत असेल आणि पंप कण्हत असेल तर पंपाने हवा धरली आहे. सक्शन लाइनच्या (टाकीतून पंपाकडे तेल आणणाऱ्या पाइपच्या) सैल जोडातून तेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे डाग शोधून गळती सापडत नाही. जोड एकेक करून आवळावे लागतात, फिल्टरच्या झाकणाची रिंग बदलावी लागते. सक्शनला व्हॅक्यूम गेज लावता आला तर फार सोपं होतं: वाचन ०.४ बारच्या वर गेलं की फिल्टर चोंदलाय, पाइप बारीक आहे किंवा फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपच्या टोकाचा, तेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) अडकलाय असं समजा.

बिघाड कधी होतो, हेही विचारा. एका लाँड्रीत बर्नर रोज सकाळी लॉकआउट व्हायचा आणि एकदा पेटला की दिवसभर सुरळीत चालायचा. नोझल आणि फोटोसेल दोन्ही बदलून झाले होते. दोष फूट व्हॉल्व्हमध्ये होता. रात्रभरात लाइनमधलं तेल टाकीत उतरायचं आणि सकाळी पंप हवा ओढायचा.

गेजवर दाब शून्य आणि पंखा मात्र फिरतोय, असं असेल तर मोटर आणि पंपामधलं प्लॅस्टिकचं कपलिंग तुटलेलं असू शकतं. आणि परिसरात ट्रान्सफॉर्मरचं किंवा पॅनेलचं काम नुकतंच झालं असेल तर थ्री-फेज मोटर उलटी फिरते आहे का हे सर्वांत आधी पाहा. उलट्या दिशेने पंप दाब तयार करत नाही, पंखा मात्र थोडी हवा देत राहतो. त्यामुळे फसगत होते. मोटरवरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळवा.

दोन पाइपांच्या जोडणीत रिटर्न लाइनचा (जास्तीचं तेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपचा) कॉक बंद राहिला तर पंपाचं सील फुटतं. पंपाला हात लावल्यानंतर तो कॉक उघडा असल्याची खात्री करूनच सुरू करा.

तेल येतं, पण पेटत नाही

आता ठिणगी. ठिणगीचा ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो, म्हणून मेन बंद करूनच इलेक्ट्रोड (ज्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पडते त्या काड्या) बाहेर काढा. चिनीमातीला बारीक तडा, टोकांवर कार्बन, जळकी केबल यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. टोकांमधलं अंतर सहसा ३ ते ४ मिलिमीटर असतं. टोकं फवाऱ्यात बुडाली तर कार्बन धरतं, फार लांब गेली तर तेल पेटत नाही.

नोझल तारेने किंवा सुईने साफ करू नका. छिद्राला ओरखडा पडला की फवारा वाकडा होतो. नवीन टाका, पण जुन्यावर कोरलेला गॅलनचा आकडा आणि कोन पाहून तोच घ्या. हा आकडा साधारण ७ बार दाबाला तासाला किती अमेरिकन गॅलन तेल जाईल हे सांगतो. १.५० चं नोझल ७ बारला तासाला सुमारे ५.७ लिटर देतं, १४ बारला सुमारे ८ लिटर. म्हणजे वाफ कमी पडते म्हणून कोणी पंपाचा स्क्रू आवळला आणि हवेचा डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) तसाच ठेवला, की काळा धूर ठरलेला.

पेटतो आणि काही सेकंदांत विझतो

ज्योत स्वच्छ दिसते, तरीही लॉकआउट, तर फोटोसेल काढून काच मऊ कापडाने पुसा. उजेडानुसार रेझिस्टन्स बदलणाऱ्या साध्या फोटोसेलचा रेझिस्टन्स, सुटा करून, मल्टीमीटरवर तपासता येतो: अंधारात खूप जास्त, उजेडात अगदी कमी. फरक पडत नसेल तर बदला. अल्ट्राव्हायोलेट सेल असा तपासता येत नाही. तो मेकॅनिककडे द्या.

फोटोसेलला बॅटरीचा उजेड दाखवून बर्नर चालवलेला मी पाहिलाय आणि त्याची मला आजही चीड येते. ज्योत विझली तरी तेल फवारत राहील, अशी व्यवस्था आपण आपल्या हाताने करतो.

चालतो, पण धूर येतो

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त: डँपर, पंख्यावरची धूळ, बॉयलर रूमच्या बंद खिडक्या, झिजलेलं नोझल. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळालेलं तेल: हवा फार जास्त, फवारा खराब किंवा तेलात पाणी. डँपर डोळ्यांच्या अंदाजाने लावू नका, चिमणीत गॅस अ‍ॅनलायझर घालायला सांगा. ऑक्सिजन ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास हवा. चिमणीचं तापमान, वाफेचा दाब तोच असताना, आठवड्यागणिक चढत असेल तर ट्यूबमध्ये काजळी किंवा पाण्याच्या बाजूला क्षार साचताहेत. साधारण २२ अंश वाढ म्हणजे कार्यक्षमता १ टक्क्याने खाली.

बर्नर उत्तम चालत असतानाच तेलाचा दाब, सक्शनचा व्हॅक्यूम, चिमणीचं तापमान आणि नोझलचा आकडा पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा. मेकॅनिकला फोन करताना ‘पेटत नाही’ एवढंच सांगू नका. कितव्या सेकंदाला थांबला, तेव्हा दाब किती होता, सोलेनॉइडचा आवाज आला का, हे सांगा. तो योग्य सुटे भाग घेऊन येईल. ट्यूबची गळती, सेफ्टी व्हॉल्व्ह, वेल्डिंग ही कामं मात्र त्याचीही नाहीत. बॉयलर कायद्याखाली नोंदलेला असेल तर दाब झेलणाऱ्या कोणत्याही भागाच्या दुरुस्तीआधी बाष्पके संचालनालयाची परवानगी घ्या.