हायड्रॉलिक हॉपरचा मिक्सर: या चुका टाळा

"शेठ, हॉपर अर्ध्यावर अडकलाय. पंप गेला वाटतं." पाथर्डी फाट्याकडच्या साइटवरून असा फोन आला की मी पंप घेऊन निघत नाही. हॉपर म्हणजे खडी-वाळू-सिमेंट उचलून मिक्सरच्या ड्रममध्ये ओतणारा डबा, पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर तो वर जातो. फडकं, पाने आणि तेलाचा डबा घेऊन निघतो. काँक्रीट मिक्सर भाड्याने देण्याच्या धंद्यात एवढं कळलंय, की पंप सहसा आपणहून मरत नाही.

स्लॅब संपला की ड्रम धुतात, निदान धुतल्यासारखं करतात. सिलिंडरच्या दांड्याकडे मात्र कोणी बघत नाही. हॉपर उचलताना जो चकचकीत दांडा बाहेर येतो, त्यावर सिमेंटचं पाणी उडतं आणि सुकतं. मग तोच खरखरीत दांडा तेल आत रोखणाऱ्या सीलमधून आत-बाहेर होतो आणि सीलची कड कापत जातो. आधी नुसती तेलाची ओल दिसते, नंतर थेंब पडायला लागतात, आणि एक दिवस टाकीतलं तेल इतकं उतरतं की हॉपर वरपर्यंत जातच नाही. चहाच्या सुट्टीत ओल्या फडक्याचा एक हात फिरवला तरी हे टळतं. सुकलेलं सिमेंट छन्नीने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका, क्रोमवर ओरखडा पडला की नवीन सीलही टिकत नाही. काम संपल्यावर हॉपर खाली टेकवून ठेवा. बहुतेक मशिनांत मग दांडा आत जाऊन बसतो.

हॉपर हळू उचलतोय?

आमच्याकडे जानेवारीच्या सकाळी तेल गारठतं. एकदा एका ऑपरेटरने हॉपर संथ चाललाय म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, स्क्रू आवळला. रिकामा हॉपर दहा मिनिटं वर-खाली केला असता तर काम भागलं असतं. दुपारी ऐन भरणीत होस (तेलाचा पाइप) फुटला, तेल खडीत गेलं, आणि पन्नास माणसं तोंडाकडे बघत उभी. त्या स्क्रूला हात लावायचा तो दाब मोजायचा गेज लावूनच.

आधी टाकीतलं तेल बघा, तेही हॉपर खाली असताना. हॉपर वर ठेवून टाकी काठोकाठ भरली की खाली घेताना तेल बाहेर येतं. मग पंपाचा बेल्ट, मग सक्शनची, म्हणजे पंप टाकीतलं तेल ओढतो त्या बाजूची, जाळी. तेलाला फेस आला असेल तर सक्शनच्या जॉइंटमधून हवा ओढतंय. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलण्याशिवाय इलाज नाही. आमच्या मशिनांत ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल पडतं. इंजिनाचं उरलेलं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका.

हॉपरखाली वाकू नका

सांडलेली खडी काढायला बिगारी उचललेल्या हॉपरखाली फावडं घेऊन शिरतो. हॉपर वर थांबलेला असतो तो फक्त तेलाच्या दाबावर. होस सुटला किंवा कोणाचा लिव्हरला धक्का लागला, तर ओरडायलाही वेळ मिळणार नाही. आधी पिन किंवा साखळी लावा, ती हरवली असेल तर भक्कम टेका द्या, इंजिन बंद करा, मगच खाली जा. गळती शोधायला होसवरून बोट फिरवू नका. दाबाचं तेल बारीक भोकातून कातडीत घुसतं. पुठ्ठा धरा.

ड्रमचं सोपं आहे. शेवटचा माल उतरला की लगेच दोन-तीन घमेली खडी आणि पाणी टाकून पाच मिनिटं फिरवा. जेवणाच्या सुट्टीआधीही. एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंट तुमचं जेवण होईपर्यंत थांबत नाही. घणाने ठोकलेल्या ड्रमला पोचे पडतात आणि पुढचा माल नेमका त्या पोच्यांतच बसतो. ॲसिड पत्रा, रंग आणि सील तिन्ही खातं. धुवणाचं पाणी गटारात सोडू नका, खड्डा करा. गटारात सोडलं तर तिथेही स्लॅब पडतो, हे मी नगरसेवकाच्या दारासमोर शिकलोय.

ग्रीस मारताना आधी निपल पुसा, नाहीतर गन वाळू सरळ बेअरिंगमध्ये ढकलते.

पावसाळ्यात मशिन उभं राहणार असेल तर ड्रमचं तोंड खाली करा, दांड्याचा जो भाग बाहेर राहतो त्याला ग्रीस चोपडा आणि टाकीच्या झाकणावर एखादी पत्र्याची टोपी बसवा. पॉलिथिन घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो आणि तेच पाणी तेलात उतरतं.