सोलापूरहून सेवेसाठी परदेशी निघताना

वर्ष-दोन वर्षांसाठी आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून निघालात, तर बॅगेआधी लस बघा. अनेक देश पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतो, मग आयुष्यभर चालतो. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते, म्हणून तारीख आधीच ठरवा.

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, चेक-इनमध्ये चालत नाही. बँकेचा ओटीपी येणारं सिम रिचार्ज करत राहायला घरच्यांना सांगून ठेवा.

आई सोलापुरी चादर कोंबणारच! एकच घ्या, वजन फार होतं. जाड टॉवेलऐवजी पंचा, लवकर वाळतो. शेंगाचटणी मात्र कोरडी, घट्ट बंद करून न्या. कस्टम्सने विचारलं तर लपवू नका.